गेलेल्यांच्या मशिनी

मी दिग्रस सोडलं त्या सकाळी बाबा मला एसटी स्टँडवर पोचवायला निघाले आणि अर्ध्या वाटेत थांबले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरांचं घर होतं. तेही त्याच दिवशी गाव सोडत होते. दारातल्या ट्रकमध्ये कपाटं, पलंग, सायकली चढल्या होत्या आणि एक पिवळट पडलेली ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन जागा उरली नाही म्हणून रस्त्याच्या कडेला ठेवली होती. भंगारवाले सलीमभाई तिच्याभोवती फिरत होते. बाबांनी माझी बॅग खाली ठेवली, मशीनचं झाकण उघडलं, आत हात घालून ड्रम फिरवला आणि कान लावून ऐकलं. मग मला म्हणाले, "तू चाल पुढं. मी येतोच."

ते आले तेव्हा यवतमाळची गाडी सुरू झाली होती. खिडकीखाली उभं राहून ते एवढंच म्हणाले, "मोटर चांगली आहे रे तिची."

पुण्यात शब्दकोशाच्या कार्यालयात मला मुद्रितं तपासायचं काम मिळालं होतं. निरोपाचं हे वाक्य मी तिथल्या मित्रांना हसून सांगत असे. आता सांगत नाही.

बाबा कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडीतल्या कापसाची चिमूट घ्यायची, दोन अंगठ्यांमध्ये धागा ओढून पाहायचा आणि प्रत सांगायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्या वर्षांत केंद्र उशिरा उघडे आणि लवकर बंद होई. जिनिंगचे भोंगे एकेक करून थांबले. बाबा घरी फारसं बोलत नसत, पण एकदा जेवताना म्हणाले होते, "मी 'हलका' म्हटलं का माणूस कापसाकडं नाही पाहत, माह्या तोंडाकडं पाहते." पुढे त्यांनी ताटातलं तसंच ठेवलं.

कापसाच्या आधाराने गावात आलेली माणसं त्याच वर्षांत निघून गेली. डॉक्टर, बँकेचे मॅनेजर, चार अडते, शेवटी जिनिंगचे शेठ. चांगल्या दिवसांत हौसेने आणलेल्या मशिनी जाताना मागे राहायच्या, कारण त्या जड होत्या आणि जुन्याही. सलीमभाई त्या उचलायचे आणि हातगाडी आधी आमच्या दारात थांबवायचे. "ग्रेडरसाहेब," ते म्हणायचे, "मैं भंगार तोलता, तुम भंगार पालते!" बाबा हसून म्हणायचे, "तू तोल ना बाप्पा. मी पाळतो."

मागच्या टिनाच्या शेडमध्ये अशा सात मशिनी झाल्या. कंपनीचं नाव बाबा घेत नसत. डॉक्टरांची, मॅनेजरची, शेठची, अशीच त्यांची नावं होती. गंज खरवडून, झाकणाला रंग देऊन, दाराचं रबर ट्यूबच्या तुकड्याने सांधून त्यांनी एकेक मशीन चालू केली. घुंडीवाल्या जुन्या मशिनींवर त्यांचा जीव होता. भारनियमनात लाईट जाऊन आली की नव्या बटणवाल्या मशिनी पहिल्यापासून सुरुवात करायच्या. या मात्र थांबल्या तिथून पुढे चालू लागायच्या. महिन्यातून एकदा, रबर वाळू नये म्हणून, ते सगळ्यांना पाणी दाखवत. नळ चौथ्या दिवशी यायचा, म्हणून डॉक्टरांच्या मशीनमधून निघालेलं पाणी मॅनेजरच्या मशीनमध्ये, तिथून अडत्यांच्या मशीनमध्ये, आणि शेवटी लिंबाच्या झाडाला.

आई दारात उभी राहून म्हणायची, "सात सवती आणून ठेवल्या घरात, अन् धुणं माह्याच हातानं!"

यात विनोद होता आणि खरंही होतं. वरून कपडे टाकायच्या मशिनींना पाणी फार लागे, रोजच्या धुण्याला त्या परवडत नसत. फक्त शेठची मशीन, पुढे गोल काचेचं दार असलेली, निम्म्या पाण्यात धुणारी होती. पण तिचा टायमर गेला होता. घुंडीमागचं हे लहानसं यंत्र मशीनला कधी पाणी घ्यायचं, कधी फिरायचं, कधी थांबायचं ते सांगतं. त्याच्या आतल्या चक्राचे दाते झिजले होते आणि ते मॉडेल कधीच बंद झालं होतं. आईच्या बोटांना सोड्याने भेगा पडल्या होत्या. हिवाळ्यात तिला पोळीचा तुकडा मोडतानाही त्रास व्हायचा. बाबांनी मला पत्र लिहिलं, सोबत केंद्राच्या जुन्या पावतीच्या पाठीवर टायमरचं चित्र काढलं, मापं टाकली, दाते मोजून लिहिले. पुण्यात जुना बाजार असतो म्हणतात, तिथे पाहा.

तिसऱ्या रविवारी मला तो मिळाला. पावती शेजारी धरून मी मापं ताडली, दाते दोनदा मोजले. घरी आणला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पुस्तकांच्या मागे ठेवला. पाठवला नाही.

सुरुवातीला पोस्टात जायला वेळ झाला नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं मला तेव्हाही ठाऊक होतं. मी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. नळाला दिवसभर पाणी होतं, धुणं झालं की गाणं वाजवणारी नवी मशीन होती, आणि एक खोली आईबाबांसाठी रिकामी ठेवली होती. दिग्रसमध्ये आता त्यांचं काय राहिलं होतं? आईचे हात दुखत राहिले तर बाबा किती दिवस अडून बसतील? शेठची मशीन चालू झाली असती, तर गाव सोडायचं शेवटचं कारणही गेलं असतं. हे मी इतक्या स्वच्छ शब्दांत मनाशी कधी मांडलं नाही. मांडलं असतं तर दुसऱ्या दिवशी पार्सल केलं असतं.

रविवारी फोनवर बाबा विचारत, "भेटला का रे?"

"नाही मिळाला, बाबा."

"राहू दे. भेटन कधी तरी. तू कायले उन्हात फिरतं त्याच्यासाठी?"

अकरा महिने हे असं चाललं. मागून आईचा आवाज येई, "त्याले म्हणा, जेवत जाय वेळेवर. अन् पुण्यावानी बोलून राह्यला पोट्टा, 'मिळाला' म्हणते!"

बाराव्या महिन्यात बाबांच्या छातीत दुखलं आणि यवतमाळला नेत असताना वाटेतच ते गेले.

तेरावं झाल्यावर मी शेडमध्ये गेलो. शेठच्या मशीनचं मागचं झाकण उघडं होतं. शेजारच्या पाटावर चार लहान चक्रं ओळीने मांडलेली होती. स्विचबोर्डाच्या जुन्या शीटमधून कापून, कानशीने दाते घासून बाबांनी ती स्वतः बनवली होती. प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी होती आणि तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात प्रत लिहिलेली: हलका. हलका. मध्यम. चौथ्याखालची चिठ्ठी कोरी होती. त्याचे दाते अर्धेच कापून झाले होते.

मी टायमर सोबत आणला होता. का आणला होता ते सांगता येणार नाही. तो बसवायला मला दोन दिवस लागले. बाबांना तासभर लागला असता. मशीनने पाणी घेतलं, काचेमागे बाबांचं धोतर आणि आईचं लुगडं फिरू लागलं. आई येऊन उभी राहिली.

"कुठं भेटला?"

"पुण्यात. जुन्या बाजारात."

"आत्ता?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. मी सांगितलं. खोलीचंही सांगितलं, नळाचंही. ती ऐकत राहिली. मशीन एकदा थांबून उलटी फिरू लागली. मग म्हणाली, "तू त्याईले कधी म्हटलं, बाबा, माह्याकडं राहाले या?"

मी आठवून पाहिलं. बाबा एकदा पुण्याला येऊन गेले, तेव्हा मी त्यांना खोली दाखवली होती. पडदे दाखवले होते, नळ सोडून दाखवला होता.

"नाही म्हटलं," मी म्हणालो.

"आले असते का नसते आले, मले काय माहीत. पण तू विचारलंच नाही. त्याईचे हात थकायची वाट पाहिली, अन् माह्ये हात फाटायची." तिने ओली बोटं पदराला पुसली. "बाप तसाच. 'राहून जाय' म्हणायचं होतं त्याले एसटीवर. मोटर सांगत बसला."

त्यानंतर ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. धुणं मात्र शेठच्या मशीनमध्येच टाकलं. मी पाहतोय हे लक्षात आल्यावर भिंतीकडे बघत म्हणाली, "मशीननं काय घोडं मारलं माह्यं?"

ती पुण्याला आली नाही. रिकाम्या खोलीत मी आता पुस्तकं ठेवली आहेत.

जे दिग्रस सोडून गेलात आणि हे वाचत असाल, मॅनेजरसाहेबांच्या मुली, शेठच्या सुना, तुमच्या मशिनी चालू आहेत. त्यांना महिन्यातून एकदा पाणी दाखवायला मी जातो. आणि जे गावात राहिलात, त्यांना मला विचारायचं आहे, तुम्हाला कुणी विचारलं होतं का? घरातून गेलेल्यांनी तुमच्यासाठी खोल्या बांधल्या असतील, तिकिटं पाठवली असतील, डॉक्टर शोधून ठेवले असतील. पण तोंडाने, सरळ, नाही ऐकायची तयारी ठेवून विचारलं होतं का? आमच्या घरात प्रेम होतं, याबद्दल मला शंका नाही. मात्र ते सगळं हातांनी करायची सवय होती, आणि हातांनी माणूस लपवूही शकतो.

माझी बोली पुण्याची झाली आहे, रेशनकार्डही तिथलंच आहे. घर कुठे, असं कुणी विचारलं तर मी अजून दिग्रस म्हणतो, पण पूर्वीच्या अर्थाने नाही. दर महिन्याला परत निघताना मी आईसमोर बसतो आणि विचारतो, "आई, माझ्याकडे राहायला येतेस?"

ती माझ्या तोंडाकडे पाहते, नीट विचार करते आणि म्हणते, "नाही."

मग मी गाडी पकडतो.