लोणच्याच्या बरणीवरचं व्याज

सर्व संबंधितांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, भांडवलावर व्याज का मिळतं या प्रश्नाचा अंतिम निकाल शहाद्यात लागलेला आहे. जगातल्या पंडितांना अजून त्याची खबर नाही, हे त्यांचं दुर्दैव.

काळ दारूबंदीचा. शहाद्याच्या नव्या कॉलेजात आम्ही दोघे हंगामी प्राध्यापक अर्थशास्त्र शिकवायचो, एकाच खोलीत राहायचो आणि एकाच स्टोव्हवर चहाबरोबर वाद उकळायचो. जुन्या विलायती पंडितांसारखं माझं मत असं, की धनी आजचं सुख उद्यावर ढकलतो, व्याज हे त्या धीराचं मोल. सोबती म्हणायचा, धीर धरून दाणा वाढत नाही. हात राबतात म्हणून वाढतो, आणि व्याज हा त्या हातांच्या कष्टातून काढलेला वाटा.

जूनपासून आमच्यातल्या एकालाच कायम करायचं ठरलं. संस्थेचे अध्यक्ष तापीकाठचे केळीवाले पाटील. ते म्हणाले, गावासमोर वाद घाला. ज्याचं मला पटेल तो राहील.

मी पेटलोच! माझ्याकडे पंडितांचं हुकमी उदाहरण होतं: तळघरातली द्राक्षाची दारू. कोणी हात लावत नाही, नुसता काळ जातो आणि किंमत चढते. सभागृह खच्चून भरलेलं. मी हात उंचावून म्हटलं, "समजा, एका पिंपात..." आणि पहिल्या रांगेत मामलेदारसाहेब दिसले. जीभ जागच्या जागी वळवली. पिंप नको, बरणी घ्या म्हटलं. कैरीचं लोणचं. वैशाखात घाला, दिवाळीला काढा. मधे कोणी बोटही लावत नाही, तरी चव वाढते. वाढवली कोणी? काळानं आणि धीरानं.

टाळ्या पडल्या. मी नाटकातल्या राजासारखा लवलो. तेवढ्यात अध्यक्षांशेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीनं पदर सावरत विचारलं, "मंग बरनी कोन हालाडस, मास्तर? उनमा कोन ठेवस?"

वर्षानुवर्षं बरण्या हलवून उन्हात ठेवणाऱ्या बायकांची बाजू खदखदून हसली. सोबत्यानं उठून बाईंना नमस्कारच केला; त्याला आता बोलायची गरजच उरली नव्हती. मी मनातल्या मनात ट्रंक बांधून एस.टी. स्टँड गाठला.

सगळे निकालासाठी अध्यक्षांकडे वळले. पाटलांनी पत्नीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, टोपी काढून मांडीवर ठेवली. संसारभर पोटात दाबलेलं काहीतरी असावं, ते एकदम बाहेर पडलं:

"आन मी दिवाळीलोंग रोज त्या बरनीकडे देखस, हात आवरस, तेन्हं काहीच मोल नही का?"