बंदरावरचा कॅन आणि काळं मशीन

समजा, तुम्ही फायबरच्या छोट्या होडीत मागच्या फळीजवळ उभे आहात. फळीला होडी चालवणारं मशीन लटकवलंय. एक पाय फळीला टेकवा, दोरीची मूठ धरा आणि खांद्यापासून जोरात ओढा. काही होत नाही. पुन्हा ओढा. मशीन एकदा खोकतं आणि गप्प होतं. ओहोटी लागली आहे. खाडीच्या दोन्ही काठांची तिवराची झाडं उंच दिसायला लागली आहेत, म्हणजे पाणी उतरतंय. अजून थोडा वेळ गेला की होडी गाळात बसणार, आणि भरती येईपर्यंत तुम्ही, तुमची बायको आणि पेटीतली कोळंबी उन्हात. बर्फ वितळायला लागलाच आहे. आता तुम्ही काय कराल? मशीनचं झाकण उघडाल, की कंपनीला फोन लावाल?

गव्हाणचा माझा जगनमामा आयुष्यभर झाकण उघडत आला. त्याचं जुनं मशीन निळं. कंपनीचं नाव बंदरावर कुणीच घेत नाही, सगळे झाकणाच्या रंगावरून ओळखतात. निळं मशीन सारखं बंद पडायचं. पण ते दुरुस्तही कशानेही व्हायचं. कार्बोरेटरचं भोक वेणूमामीच्या पदराच्या पिनेने साफ व्हायचं. पंख्याची पिन तुटली की खिळा कापून घालायचा. ओढायची दोरी जाळ्याच्या नायलॉनची. बंदरावर जवळपास सगळ्यांची मशीनं निळी, त्यामुळे मामाच्या मशीनमध्ये शेजारच्या होडीवाल्या बाळकूची कॉइल आणि बाळकूच्या मशीनवर मामाचं झाकण. कुठलं मशीन कुणाचं हे आता त्या दोघांनाही नीट सांगता आलं नसतं.

मग मामाचा उजवा खांदा गेला. दोरी ओढून ओढूनच गेला, असं पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यात मामीला निळ्याच्या धुराने खोकला. मामी होडीत त्याच्याबरोबर असते, जाळं तीच ओढते. तिनेच हट्ट धरला, आणि काळं मशीन आलं. फोर-स्ट्रोक. एका हलक्या ओढीत सुरू. धूर नाही, आवाज इतका कमी की मामी म्हणाली, "आता तुमचं बडबडनं ऐकू येतंय, येवढाच त्रास."

मी मेकॅनिकल शिकलोय, म्हणून सरळ सांगतो: बंद पडण्याचा हिशोब लावला तर काळं मशीन कितीतरी चांगलं. यात वादच नाही. वाद सुरू झाला तो पेट्रोलच्या कॅनवरून.

आमच्या बंदराची एक रीत आहे. पेट्रोल प्रत्येकाने वेगळं आणायचं नाही. ज्याची पाळी असेल तो मोठा कॅन भरून आणतो, आणि बाळकू त्यात तिथेच ऑइल मिसळतो, कारण निळ्या मशीनला ऑइल घातलेलंच पेट्रोल लागतं. ज्याची टाकी रिकामी दिसेल तिच्यात ओतायचं. विचारायचं नाही. काळ्या मशीनला मात्र साधं पेट्रोल हवं, ऑइल अजिबात चालत नाही. मामाला हे ठाऊक होतं. त्याने स्वतःचा पांढरा कॅन आणायला सुरुवात केली.

"बगा रं, जगनचं सोवळं आलं," बाळकू ओरडायचा. "लांब व्हा, शिवू नका त्याला."

मामा हसायचा, पण ते त्याला लागायचं. एकदा तो मासळी उतरवत असताना बाळकूने त्याची रिकामी टाकी पाहिली आणि नेहमीसारखी बंदरावरच्या कॅनमधून भरून टाकली. मामाने पाहिलं, तेव्हा ओतून झालं होतं. टाकी उपडी करणं म्हणजे बाळकूच्या तोंडावर पेट्रोल फेकणं. मामाने तीच टाकी मशीनला जोडली. त्या दिवशी मशीन नीट चाललं. मग पांढरा कॅन कधी आणला, कधी राहिला.

शेवटी एका भर दुपारी, ओहोटीत, काळं मशीन भकभक करायला लागलं. आतली धोक्याची पिपाणी वाजली आणि मशीन बंद. मामाने झाकण काढलं. आत प्लास्टिकची आणखी झाकणं, वायरींचे जुडगे. प्लग खोल बसलेला, आणि जवळचा पाना निळ्याच्या मापाचा. त्याने दोरी ओढली. पुन्हा ओढली. मामीने त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या. खांदा निखळंल."

"मग काय करू? बसू हितं?"

बसलेच ते. नशिबाने बाळकू तिथून जात होता. त्याने दोर टाकला आणि काळ्या मशीनची होडी निळ्या मशीनने ओढत बंदराला आणली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काला सायेब निल्या हमालाच्या पाठीवर!" कुणीतरी म्हणालं.

मामाचा संताप मात्र दुसऱ्या दिवशी पनवेलला, कंपनीच्या दुकानात निघाला. मशीन टेम्पोत घालून नेलं, मी बरोबर होतो. तिथला मेकॅनिक अविनाश चांगला मुलगा, माझ्याच वयाचा. त्याने प्लग काढले, ते काळेकुट्ट.

"काका, पेट्रोलमध्ये ऑइल गेलंय. गॅरंटी गेली ना मग."

"गेली तर गेली. चूक झाली आमची. पन पुन्यांदा खाडीत बंद पडलं तर?"

"आम्हाला फोन करा. माणूस पाठवतो."

"कंदी?"

"सोमवार ते शनिवार."

"आनि ओहोटीला कोन सांगनार, रविवारी येऊ नको म्हनून?"

अविनाश हसला. मामा हसला नाही.

"मना शिकव. झाकण काढल्यावर काय बघायचं, कुठला पाना लागतो, सगलं शिकव."

"काका, झाकण तुम्ही उघडलंत तरी गॅरंटी जाते. शिकवायची परवानगी नाही आम्हाला."

अविनाशने प्लग बदलून दिले, मशीन पुन्हा गुळगुळीत चालू झालं. येताना टेम्पोत मामा माझ्यावरच चिडला. "तुमच्या कालेजात चांगलं मशीन कशाला म्हन्तात रं?"

मी सांगितलं, जे कमी वेळा बंद पडतं ते.

"कमी वेला, बरोबर. पन ती येक वेल माझ्या वाट्याला आली तर मी कुठं असतो, त्याचं गनित हाय का?"

तसं गणित आम्हाला शिकवलेलं नाही.

आणि ठरवायची घाई होती, कारण मोरा बंदरावरचा रमेश रविवारी जुनं निळं मशीन विकत न्यायला येणार होता. शब्द देऊन झाला होता. ते एकदा गेलं की होडीवर फक्त काळं उरणार. बाळकू रोज सांगायचा, "निलं देऊ नको. कालं परत कर." मामी म्हणायची, "निलं ठेवा, पन दोरी मी वडीन, तुमी नाय. बगा जमतंय का."

रविवारी सकाळी रमेश आला. त्याने निळं मशीन पाण्याच्या पिंपात लावून दोरी ओढली. बऱ्याच वेळाने ते फटफट करत सुरू झालं, धुराने सगळे खोकले. रमेश ओढत होता तेव्हा मामाचा डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला होता. मामीने ते पाहिलं.

"द्या त्याला," ती म्हणाली.

मामाने निळ्याच्या झाकणावरून हात फिरवला, आतली कॉइल मुळात बाळकूची होती, आणि मशीन टेम्पोत चढवायला रमेशला हात दिला, डावा.

टेम्पो गेल्यावर बाळकू आला. त्याने काळ्या मशीनच्या टाकीच्या तोंडाला लाल चिंधी बांधली.

"आता नाय वतनार कोनी," तो म्हणाला. "पन बंद पडलं तर मना हाक मार. मना यातलं काय कलत नाय, दोर तेवडा हाय."

मामा होडीत जाऊन बसला. काळ्याचं झाकण काढून मांडीवर घेतलं, आतल्या वायरींकडे बघत राहिला. मग मोबाइल काढून अविनाशला फोन लावला. घंटी वाजत राहिली. रविवार होता. मामाने आवाजी मेसेज ठेवला, आणि आजही बंदरावर भेटला की तो आधी फोन उघडून उत्तर आलंय का ते मला बघायला लावतो:

"सायेब, गव्हाणवरनं जगन बोलतोय. गॅरंटी तर गेलीच हाय. आता तरी सांगाल का, झाकण उघडल्यावर पयलं काय बगायचं?"