टाक्याच्या तळाची हवा

जाम गावाजवळच्या एका तेल गिरणीत मी प्रयोगशाळा सांभाळायची. प्रयोगशाळा म्हणजे एक टेबल, एक बेसिन आणि बाकी कुणाला नको असलेली सगळी कामं. त्यातलंच एक गॅस डिटेक्टरचं. हातात मावेल एवढं यंत्र, त्याला मोटरचा छोटा पंप आणि पंपाला लांब, बारीक नळी. सांडपाण्याच्या टाक्यात माणूस उतरण्याआधी नळी तळापर्यंत सोडायची, पंपानं खालची हवा वर ओढायची आणि यंत्र गप्प राहिलं तरच माणूस खाली. पण आमच्या मॅनेजर साहेबांना त्या यंत्राचं भारी कौतुक. पाहुणे आले की कपाटातून काढायचे आणि स्वतःच्या केबिनची हवा मोजून दाखवायचे. ती नेहमी उत्तम यायची. एसी होता ना.

त्या मे महिन्यात टाकं तुंबलं. गाळ काढायला एक जुना कामगार उतरणार होता. मी त्याला भाऊ म्हणायची. कमरेला दोर बांधून तो टाक्याच्या कडेला बसला. मी पंप सुरू करून नळी सोडली, तर ती पुरुषभर खोल जाऊन संपली. टाकं त्याच्या तिप्पट खोल.

"उरलेली नळी कुठं गेली?" मी विचारलं. साहेबांचा शिपाई आभाळाकडे पाहायला लागला.

"अरे मॅडम, टेन्शन काऊन घेता?" साहेब म्हणाले. "रीडिंग ओके आहे. वास तर रोजचाच आहे. उतरू द्या त्याले."

रीडिंग ओके होतं, पण वरच्या हवेचं. जड वायू तळाशी बसून राहतो हे साहेबांना सांगून माझं तोंड दुखलं होतं. "तळाची हवा मोजल्याशिवाय भाऊ उतरणार नाई," मी म्हटलं आणि शिपायाला दमात घेतलं. तेव्हा कुठं तो बोलला. साहेबांनी वास्तूसाठी सोनेरी मासे आणले होते. त्यांच्या काचेच्या पेटीत हवेचे बुडबुडे सोडायला आमची नळी कापून नेली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ केबिनमध्ये गेले आणि पेटीतून नळी उपसली. साहेब मागोमाग आलेच.

"मॅडम, मासे मरतील ना," ते म्हणाले, अगदी कळवळून. एवढा कळवळा त्या तोंडावर मी पहिल्यांदाच पाहिला.

पंपात पाणी जाऊ नये म्हणून नळी झटकली, फुंकून कोरडी केली, तुकडे घट्ट जोडले आणि तळापर्यंत सोडले. पंप घुरघुरत राहिला. एवढ्या लांबून हवा वर यायला वेळ लागतो, आणि साहेब तेवढा वेळ घड्याळ पाहत होते. मग यंत्र असं किंचाळलं की गेटवरचा चौकीदार धावत आला.

भाऊनं टाक्यात सोडलेले पाय हळूच वर घेतले. मला रडू फुटलं, रागानंच.

साहेबांनी यंत्र हलवून पाहिलं. "बिघडलं वाटते." कुणीच मान डोलावली नाही, तेव्हा भाऊकडे वळून म्हणाले, "बरं, आज राहू दे. रातभरात गॅस निघून जाते. उद्या सकाळी उतरजो."

भाऊनं कमरेचा दोर सोडला आणि त्याचं टोक साहेबांच्या हातात दिलं.

"उद्या तुमी उतरजा, साहेब. वरून मी धरतो."