चढाची कविता

फिर्मँ व्हांदालच्या मालबोटीला माझ्या लॉकवर, म्हणजे कालव्यात बोटी वरखाली करणाऱ्या दोन दारांच्या हौदात, बारा मिनिटं लागायची. खालचं दार बंद करून मी आत पाणी सोडलं की बोट हळूहळू वर उचलली जायची. तेवढ्या वेळात फिर्मँ दोनदा काठावर उतरायचा, दोर चाचपायचा, परत चढायचा आणि सुकाणूच्या खोलीत जाऊन वहीत एक ओळ लिहायचा. एकच. पुढची ओळ पुढच्या लॉकवर. सेमुईपासून वर ल शेनपर्यंत आमच्या कालव्याला एकामागून एक सव्वीस लॉक, म्हणून त्याची चढाची कविता सव्वीस ओळींची. दोन लॉकमधलं अंतर थोडं असेल तिथली ओळ तोकडी.

"कवी, दोर सुटतोय," सुकाणूवरून त्याची बायको अल्फोन्सीन ओरडायची. "यमक नंतर बांध."

फिर्मँ बोटीवरच जन्मला, त्याचा बापही. कोळसा, रेती, गहू, मिळेल तो माल. बोट एका जागी तीन दिवस बांधली की त्याला भूक लागत नसे. मुलगी नोएला सहा वर्षांची झाली तेव्हा तिला बोटवाल्यांच्या मुलांच्या वसतिशाळेत सोडावं लागलं. सगळेच सोडतात. सेमुईच्या पहिल्या लॉकवर शाळेच्या बाईंनी तिचा हात त्याच्या हातातून घेतला आणि बोट चढाला लागली. त्या दिवसाच्याही सव्वीस ओळी त्याच्या वहीत होत्या. नोएला आता रँसला नर्स होती, वर्षातून दोनदा भेटायची आणि बापाशी हवापाण्यापलीकडे बोलायची नाही.

यंदा लीलच्या तेसांदिए नावाच्या प्रकाशकानं त्याचं पुस्तक छापायला घेतलं. बोटीला पत्ता नाही, म्हणून तपासायची पानं माझ्या पत्त्यावर आली. ईस्टरचा रविवार होता, लॉक बंद, बोट माझ्या दाराशी अडकलेली. फिर्मँनं माझ्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पानं चाळली आणि तो खिडकीशी गेला, परत आला, पुन्हा गेला.

"त्यानं ओळी उलट्या लावल्यात," तो म्हणाला.

वही आणून त्यानं मला दाखवलं. उताराच्या फेरीची पानं तो वरून खाली लिहायचा, चढाची खालून वर. त्याच्या बापाची नोंदवहीही तशीच होती. वर जाताना खालून वरच जायचं, यात सांगण्यासारखं काय, असं त्याला वाटलेलं. तेसांदिएनं सगळं वरून खाली उतरवून घेतलं होतं. त्यामुळे नोएलाची कविता बोटीतल्या तिच्या रिकाम्या बिछान्यापासून सुरू होऊन बापाच्या हातातल्या हातावर संपत होती. जणू मुलगी परत आली.

"मग कळव त्याला," अल्फोन्सीन म्हणाली. "परवा छपाई आहे."

"तिला असंच वाचू दे. निदान कागदावर तरी मी तिला परत आणलं म्हणायचं."

"पंचवीस वर्षांनी? बरं सुचलं."

दुपारी नोएला आली. कोकराचं मटण ओव्हनमध्ये होतं. आईनं पानं तिच्यापुढे सरकवली. फिर्मँ दोर बघून येतो म्हणत बाहेर सटकला. दोर सकाळपासून हलला नव्हता. तो आत आला तेव्हा तिचं वाचून झालं होतं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण पापा, असं झालं नाही."

"छापणाऱ्यानं उलटं लावलं."

"तुला कधी कळलं?"

"सकाळी."

"आणि तू तसंच जाऊ देणार होतास." ती ओरडली नाही. "बोटीमागे पुलापर्यंत पळत होते मी. तू मागे बघितलं नाहीस. ते तरी माझं राहू दे."

फिर्मँनं माझ्या भिंतीवरचा फोन उचलला. पानांसोबतच्या पत्रात तेसांदिएच्या घरचा नंबर होता. सगळं दोनदा समजावून सांगावं लागलं.

"पण महाशय, हातात हात हा शेवट किती सुंदर आहे," पलीकडून इतका मोठा आवाज की आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"तो शेवट नाही, सुरुवात आहे."

"वाचकांना रिकामा बिछाना नको असतो हो."

"आम्हालाही नको होता."

तेसांदिए म्हणाला, एक पान बदलता येईल, फार तर एक. चढाच्या कविता बारा होत्या.

"तेवढं एकच बदला. बाकीच्या उलट्या जाऊ द्या," म्हणून फिर्मँनं फोन ठेवला.

"आता शेवटी काय येणार?" नोएलानं विचारलं.

"'सव्विसावं दार. बिछाना रिकामा.'"

तिनं ते पान पुन्हा पुढे ओढलं. "रिकामा नव्हता. माझी लोकरीची टोपी राहिली होती त्यावर. शाळेत कान गारठले तेव्हा आठवली."

"होती," अल्फोन्सीन म्हणाली. "मी उचलून ठेवली. हा कुठे खाली आला बघायला? चार दिवस सुकाणू सोडलं नाही यानं."

"शेवटची ओळ बदलायला हवी," म्हणत फिर्मँनं पुन्हा फोन उचलला. लाइन लागत नव्हती. मटण कापून झालं, ताटं भरली, नोएलानं दोनदा हाक मारली, आणि तो भिंतीकडे तोंड करून नंबर फिरवतच होता.