मुलाखतीतला उसना नवरा

मी बोलताना अडखळते, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि खोलीतल्या एकाही माणसाला पटलं नाही. खोटं बोलले ते मात्र लगेच पटलं. आता हसायचं तर हसा, पण आधी सगळं ऐकून घ्या.

लहानपणापासूनच माझं असं आहे. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथेच ठाण मांडून बसतो. त्यातही 'द' माझा खास वैरी. भांडताना मात्र काही अडत नाही. डोकं एकदा फिरलं की मी गल्लीच्या टोकापर्यंत सरळ ऐकू जाते.

तेव्हा संस्थानं विलीन होऊन ग्वाल्हेर-इंदूरचं एक राज्य झालं होतं. मोठ्या लोकांचं काय विलीन झालं ते त्यांना ठाऊक. आमच्या घरात पलटण विलीन झाली, म्हणजे मोडली, आणि आमचे हे घरी आले. धडधाकट माणूस, पण सकाळी मिशा पिळायच्या आणि दिवसभर बाजेवर बसायचं. घरात मुली वाढत्या. म्हटलं, हे बसले तर बसू देत, मी उठते.

ग्वाल्हेरात आम्ही राहतो त्या लष्कर भागातल्या एका मुलींच्या शाळेत बाई हवी होती. काम काय? सकाळी घरोघर जायचं, दाराशी उभं राहून मुलीला नावानं हाक मारायची आणि सगळ्यांना गोळा करून शाळेत न्यायचं. मोडलेल्या पलटणींतल्या शिपायांच्या बायकांना आधी घेणार होते.

हे म्हणाले, "अडखळण्याचं सांगू नकोस. कळेल तेव्हा कळेल."

"का? मी चोरी केली आहे? आत गेल्या गेल्या सांगणार."

पण सांगायचं म्हणजे बोलायला हवं. म्हणून ते एक वाक्य घोकलं. चुलीपाशी घोकलं, नळावर घोकलं, मुलींच्या वेण्या घालताना घोकलं.

आत मोठ्या बाई होत्या आणि शेजारी इंदूरकडून आलेले नवे साहेब. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "साहब, मैं बोलते में अटकती हूँ, पहले से बता रही हूँ."

कुठे म्हणून अडलं नाही. इतकं घोकल्यावर अडेल कसं?

साहेबांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. "ये अटकना हुआ?"

बाई म्हणाल्या, "अहो, एवढं खडखडीत मलाही बोलता येत नाही. घाबरला आहात, दुसरं काही नाही."

"घाबरत नाही मी कुणाला. अडखळते म्हटलं ना, अडखळते." हेही सरळ आलं. राग आला होता ना.

साहेब हसले. "अच्छा, पति का नाम बताइए."

आता नवऱ्याचं नाव आमच्यात असं उघडं घेत नाहीत. त्यातून ते 'द'चं. लिहिताना अडत नाही म्हणून तुम्हाला लिहून सांगते, दत्ताजीराव. माझी पंचाईत बघून मोठ्या बाईंना भलताच उत्साह आला. "उखाण्यात घ्या की. साहेबांनाही कळू दे आमची रीत."

मला वाटलं, बरं झालं. ठेक्यावर माझे शब्द सहसा अडत नाहीत. बाड्याच्या चौकातली दुकानं डोळ्यांपुढे आणली आणि सुरू केलं.

"बाड्यावरच्या दुकानात काचेच्या बरण्या चार…"

आणि पुढे तो 'द' दिसला. रस्त्यात बैल आडवा उभा असावा तसा. मी बाजूनं वळसा घातला आणि तोंडातून निघालं, "यशवंतरावांचं नाव घेते, उघडा शाळेचं दार."

साहेबांनी टेबलावर थाप मारली. "बहुत बढ़िया." मोठ्या बाई अशा लाजल्या, जसं त्यांचंच लग्न लागलं.

यशवंतराव कोण, विचारताय? आमच्या भिंतीपलीकडचे पेढेवाले. त्यांच्या सुमनवहिनी दर हळदीकुंकवाला हौसेनं उखाणा घेतात, ते नाव माझ्या कानात मुरलेलं. चूक सुधारायला मी तोंड उघडलं, "द… द… द…"

"बस, बस, लजाइए मत," साहेब म्हणाले. "हम समझ गए."

त्या आनंदात गल्ली तेवढी लिहून घेतली, माझं नाव विचारायचंही राहून गेलं. मी झाले यशवंतरावांच्या घरची.

दुसऱ्याच दिवशी शाळेचा चपराशी चौकशीला आला, तो थेट भिंतीपलीकडे. मला सगळं ऐकू येत होतं.

"यशवंतराव जी, आप कौन सी पलटन में थे?"

"पलटन? भैया, हम तो खोया घोटते हैं." त्या माणसानं आयुष्यात बर्फीशिवाय काही कापलेलं नाही.

"आपकी पत्नी को इस्कूल में नौकरी मिल रही है."

"कौन सी पत्नी?" हा आवाज सुमनवहिनींचा.

मग त्या माझ्या अंगणात. "चपराशी म्हणतो, उंच, तोंडाळ, अडखळते म्हणते पण अडखळत नाही. गल्लीत दुसरी कोण आहे गं अशी?"

मी सगळं सांगितलं. बाजेवरून हे ऐकत होते. मिशा खाली आल्या. म्हणाले, "पलटण गेली, आता हेही गेलं."

मी सुमनवहिनींना घेऊन शाळेत गेले. त्या दारातूनच म्हणाल्या, "मी माझा नवरा परत न्यायला आले आहे." मोठ्या बाईंना हसू आलं नाही.

"पलटणीच्या हक्काची जागा, आणि नाव पेढेवाल्याचं? ही फसवणूक झाली. तुम्हाला घेता येणार नाही."

नोकरी गेली की मुलींच्या फिया गेल्या, एवढंच माझ्या डोक्यात. म्हटलं, "माझे मालक… द… द… द…"

अडलं ते असं अडलं की मानेच्या शिरा वर आल्या. सुमनवहिनी नाव सांगायला पुढे झाल्या, मी त्यांचा हात घट्ट दाबला. नवरा माझा, मीच सांगणार.

"…दत्ताजीराव."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून ठेवला. "अहो, तुम्ही खरंच अडखळता."

"मग इतका वेळ मी काय सांगत होते?"

"पण हाका कशा मारणार?"

"मुलगी वेणीफणी करून बाहेर येईपर्यंत माझं तिचं नाव घेऊन होतं की."

आता मात्र त्या हसल्या. सोमवारपासून या म्हणाल्या.

तेव्हापासून नवीन दाराशी गेले की मुलीच्या आईला आधीच सांगते, मी अडखळते, मधे बोलू नका, थांबा. थांबतात. एखादी गालात हसली तर तिला जे ऐकवते, त्यात काही अडत नाही.

नोकरी पक्की झाली त्या संध्याकाळी सुमनवहिनींनी पेढे पाठवले, तुझ्या यशवंतरावांकडून म्हणून. ह्यांनी पेढ्याला हात लावला नाही. "आधी सांग, चूक कुणाची?"

मी म्हटलं, विश्वास न ठेवणाऱ्या साहेबाची. उखाणा मागणाऱ्या बाईंची. हळदीकुंकवाला तेच ते नाव घेणाऱ्या सुमनवहिनींची. पलटण मोडणाऱ्या सरकारची.

"एवढी नावं नकोत. एक सांग."

स्वतःचं नाव मला जन्मात सरळ सांगता आलेलं नाही. लग्नात भटजींनी विचारलं, तेव्हाही आईनंच सांगितलं होतं. त्या संध्याकाळी मात्र एका दमात, खणखणीत आलं.

अनसूया.