सोड्याचं गरम पाणी

दुरुस्तीला आलेल्या जुन्या कॉम्प्युटरच्या बोर्डावरची ती बोटाच्या पेराएवढी बॅटरी दिसली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वर्षानुवर्षं गुमान पडून राहते, मग गळते आणि भोवतालचं तांबं खाऊन टाकते. हाती लागली की मी ती पकडीनं पिरगाळून उपटतो.

सोलापुरात चादरींच्या एका कारखान्यात असाच एक कॉम्प्युटर होता. कारखाना दोघे भाऊ चालवायचे. वारलेल्या वडिलांनी काढलेली सगळी डिझाइनं त्यात होती, आणि मागावर चढवायची भोकांची कार्डं पाडणारं मशिन त्याच्याशिवाय चालत नव्हतं. तो गेला की माग बंद.

एके दुपारी थोरल्याचा फोन आला. "साहेब, बॅटरी गळलीया. हिरवं हिरवं आलंय. काय करू?"

त्यांचा इन्व्हर्टर मीच बसवलेला. मी जेवत होतो, वैतागलो होतो. कुठली बॅटरी, एवढंही विचारलं नाही. "गरम पाण्यात सोडा घाला, ओता आणि ब्रशनं घासा," म्हटलं आणि फोन ठेवला. इन्व्हर्टरच्या बॅटरीतून ॲसिड येतं, त्याला आम्ही हेच करतो; बोर्डावर मात्र पाणी ओतायचंच नसतं.

संध्याकाळी धाकट्यानं दुरुस्तीला बोलावून घेतलं. थोरल्यानं बोर्डावर पाणी ओतलं होतं, घासलं होतं, फडक्यानं पुसून लगेच चालूही केलं होतं. जळका वास दारापर्यंत येत होता. आत धाकट्यानं थोरल्याची गचांडी धरलेली.

"कुणी सांगितलं तुला, अन्ना? बोल की!"

एक मुस्काटात, मग दुसरी. तोंडानं अन्ना, म्हणजे दादा, म्हणायचा आणि हाणायचा. तिसऱ्या फटक्याला थोरला मागावर आदळला, ओठ फाटला. तो माझ्याकडे बघत होता, पण माझं नाव घेत नव्हता. माझी मलाच किळस आली, तरी जीभ उचलत नव्हती. पुन्हा हात उठला तेव्हा कसाबसा ओरडलो, "मी सांगितलं! मी!"

धाकट्यानं कोपऱ्यातला लोखंडी गज उचलला आणि माझ्यावर धावून आला. थोरला मध्ये पडला. गज त्याच्या दंडावर बसला. एवढा मार खाऊन हा माणूस मलाच वाचवत होता!

"येडा हाईस का?" रक्त थुंकत तो भावावर ओरडला. "ह्याचा हात मोडला तर मशिन नीट कोण करणार? आधी ते चालू होऊ दे. मग दोघं मिळून हाणू ह्याला."