मोठ्या रोलरवरची मावशी

आमच्या लॉन्ड्रीत चादरी इस्त्री करणारं एक मोठं रोलरचं यंत्र आहे. नऊ वर्षं ते मावशीच चालवते. पगारपत्रकात मात्र ती 'मदतनीस'. ऑपरेटर म्हणून ज्या काकांचं नाव होतं, ते शेजारी स्टुलावर बसून पेपर वाचायचे आणि तिच्या दीडपट पगार घ्यायचे. पगारपत्रक मीच बनवते. सही घेताना बाकीच्या ओळींवर पुठ्ठा ठेवायचा, हा मालकांचा नियम. तोही मीच पाळते.

काका निवृत्त झाले. मावशीची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, फी थकलेली. मावशीने सुपरवायझरकडे काकांची जागा मागितली.

"देतो की," तो म्हणाला. "रविवारी खोलीवर ये. बायको माहेरी गेलीय. निवांत बोलू."

समोरच्या लॉजवर धंदा करणारी एक बाई रोज सकाळी चादरींचं गाठोडं आमच्याकडे स्वतः आणून टाकायची. लॉजवाला प्रत्येक गिऱ्हाइकामागे चादरीचे पैसे तिच्याकडूनच कापायचा आणि त्यातले निम्मे आम्हाला द्यायचा. फाटलेली चादरही तिच्याच डोक्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीने तिला काउंटरवरच गाठलं.

"तू किती घेतेस गं एका माणसाचे?"

"का? या वयात दुकान टाकतेस की काय?" ती खिदळली. पण मावशीचं सगळं ऐकून घेतल्यावर तिचा चेहरा बदलला. "तो चष्मेवाला ना? येतो की माझ्याकडे. पगार झाला की पहिल्या शनिवारी. घासाघीस करतो, पण पैसे टाकतो. तुझ्याकडे मेला फुकट मागतोय! आणि बदल्यात देतोय काय, तर तुझाच पगार!"

काउंटरवर चादरी मोजणारी मी मधेच थांबले. गाठोड्याच्या वासाने नव्हे. तो वास सवयीचा झालाय.

मावशी रविवारी गेली नाही. सोमवारी सुपरवायझरने यंत्रावर एक नवा माणूस उभा केला. "मावशी, याला जरा शिकव."

"मी मदतनीस. मला काय येतंय?" मावशी म्हणाली आणि काकांच्या स्टुलावर जाऊन बसली.

तो रोलर डावीकडे जास्त तापतो. चादर किंचित तिरकी घालावी लागते, पण नेमकी किती, हे तिच्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. दुपारपर्यंत हॉस्पिटलच्या एकवीस चादरी करपल्या. करपट वासाने मालक खाली आले.

"आजवर हे कोण चालवत होतं?"

सगळ्यांनी मावशीकडे पाहिलं. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, बाईमाणूस आहे, जबाबदारी कशी टाकायची?"

"रविवारी खोलीवर बोलावताना बाईमाणूसच हवं होतं ना तुला?" मावशी उठून उभी राहिली. एरवी त्याला ती अहो-जाहो करायची. "लॉजवर पैसे मोजतोस, आणि इथे फुकट?"

मालकांनी एक करपलेली चादर उचलून उजेडात धरली. "ते तुमचं आपसातलं तुम्ही बघा," ते म्हणाले. "बाई, उद्यापासून तुम्ही ऑपरेटर."

नंतर मला केबिनमध्ये बोलावलं. "मावशींना पाचशे वाढवा. तो नवा माणूस त्यांच्या हाताखाली राहील. त्याला मात्र काकांचाच पगार लावा. त्याला संसार आहे."

मावशीचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. संसार तिलाही आहे. तरी मी आकडे लिहून मोकळी झाले, आणि आपल्याच हातांची किळस आली.

माझी लेक पुढच्या आठवड्यात पहिल्या नोकरीवर रुजू होतेय. तिच्यासोबत घेतलेल्या मुलाला किती देणार आहेत, असं मी तिला विचारलं. "आई, असं विचारत नसतात गं," ती म्हणाली. म्हणजे तिथेही कुणीतरी पुठ्ठा धरून बसलेली असणार.

आज पगार होता. मावशी सहीला आली तेव्हा मी पुठ्ठा ठेवलाच नाही. तिने आपली ओळ वाचली, मग खालची, नव्या माणसाची. पुन्हा आपली. माझ्याकडे पाहिलं. सही न करता पेन टेबलावर ठेवलं आणि आत गेली.

काचेतून मला दिसत होतं. रोलर तापून तयार होता. ती स्टुलावर बसली होती.